नाव ठेवताना

१९७७ साली मोरारजी देसाई पंतप्रधान झाले तेव्हा मी खानदेशातल्या एका शाळेत सातवीला होते. सामान्यज्ञानाच्या वहीत त्यांचं पूर्ण नाव लिहायचं होतं, मोरारजी रणछोडजी देसाई. 'रणछोड' म्हणजे काय हो बाई, असं कुणीतरी विचारलं. बाईंनी फळा पुसता पुसता सांगितलं, "रण सोडून पळालेला." झालं! सगळा वर्ग खो खो हसत सुटला. आमचा इतिहास म्हणजे तानाजी, बाजीप्रभू आणि मुरारबाजी. रणात पाठ दाखवणारा आमच्या लेखी मेलेला बरा. आणि हे लोक पोराचं नावच तसं ठेवतात! पुढे कितीतरी दिवस मधल्या सुट्टीत खेळ सोडून कुणी घरी निघाली की आम्ही तिला 'रणछोडदास' म्हणून चिडवत असू.

दैवगती कशी, पाहा. लग्न होऊन मी आले ती थेट बडोद्याला. सासरची मंडळी गायकवाडांच्या चाकरीसाठी कधी काळी तिकडे गेलेली. घरात मराठी, ओट्यावर गुजराती. शेजारच्या घरी ज्या बा होत्या, त्यांच्याकडे तीन पिढ्यांत दोन रणछोड! एकदा दोघी मेथी निवडत बसलो असताना मी धीर करून विचारलं, "बा, असं कसं हो हे नाव? पळपुट्याचं?"

बा रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बेटा, तो काय भिऊन पळाला? मग मथुरेतली पोरंबाळं कुणी सांभाळायची होती?"

मग त्यांनी मला सगळी गोष्ट सांगितली. भागवताच्या दशम स्कंधातली ही कथा आपल्याकडे कीर्तनातही येते, पण ती अशी समोरासमोर मी प्रथमच ऐकली. जरासंध मथुरेवर सतरा वेळा चालून आला आणि सतरा वेळा हरला. अठराव्या खेपेला दुसऱ्या बाजूने कालयवनही येऊन ठेपला. दोन्हीकडे सैन्य आणि मधल्या मधे गावातली माणसं. कृष्णाने समुद्रात द्वारका वसवली, सगळ्यांना तिकडे हलवलं आणि आपण हातात शस्त्र न घेता कालयवनाच्या डोळ्यांदेखत पळत सुटला. पुढे हा, मागे तो. कृष्ण एका गुहेत शिरला. आत मुचुकुंद राजा युगानुयुगं झोपलेला. त्याची झोप जो मोडील तो त्याच्या नजरेने भस्म व्हायचा. कालयवनाने अंधारात त्यालाच कृष्ण समजून लाथ घातली आणि जागच्या जागी राख झाला. एवढं करून जरासंध पुन्हा आला तेव्हाही कृष्ण-बलराम पळालेच.

बा एवढ्यावर थांबल्या नाहीत. "आणि मोरारजी म्हणजे कोण? मुरारी. मुर दैत्याला मारणारा. बापाच्या नावात पळणारा, मुलाच्या नावात मारणारा. देव तोच ना?" मेथीची जुडी संपली होती, आणि माझं हसूही.

त्यांच्याच सोबतीने मी पुढे एका पौर्णिमेला डाकोरला गेले. तिथला रणछोडराय द्वारकेहून आलेला, असं मानतात. बोडाणा नावाचा म्हातारा भक्त मूर्ती गाडीत घालून घेऊन आला. द्वारकेचे पुजारी मागे लागले आणि मूर्तीच्या वजनाइतकं सोनं मागू लागले. म्हाताऱ्याच्या घरात सोनं कुठलं! बायकोच्या नाकातली तेवढी होती, सव्वा वालाची. ती पारड्यात टाकली आणि देव तिच्याएवढा हलका झाला. आजचं देऊळ १७७२ सालचं. ते पेशव्यांच्या काळात एका मराठी सावकाराने बांधलं. म्हणजे वर्गात खो खो हसणाऱ्या आम्ही, आणि देऊळ बांधणारा आमच्यातलाच! देवळाबाहेरचे डाकोरचे गोटे खाता खाता मला हे कळलं. गोटे फार छान असतात, पण तेल जरा जास्तच.

मीराबाईची गोष्टही त्याच देवाशी येऊन थांबते. राणीपण सोडून, सासर सोडून ती द्वारकेला गेली. तिला परत न्यायला मेवाडहून ब्राह्मण आले. एक रात्र देवळात राहू द्या म्हणाली आणि सकाळी देवळात मीरा नव्हती. ती रणछोडरायाच्या मूर्तीत सामावली, असं परंपरा सांगते. सासर सोडलेल्या बाईला शेवटी थारा कुणी दिला, तर रण सोडलेल्या देवाने.

हे सगळं माझ्या डोक्यात वीस-पंचवीस वर्षं नुसतं पडून होतं. त्याची गरज पडली ती अलीकडे, माझ्या बहिणीच्या लेकीमुळे.

ती सातव्या महिन्यात रात्रीच्या एस.टी.ने एकटी जळगावला माहेरी आली. हातात एकच पिशवी. पिशवीत दवाखान्याची फाइल, दहावी-बारावीची प्रमाणपत्रं आणि दोन कपडे. दागिना एकही नाही. दंडावर काय होतं ते तिने आईला दुसऱ्या दिवशी न्हाताना दाखवलं. हे दुसऱ्यांदा झालं होतं. पहिल्या वेळी सगळ्यांनी समजूत घालून पाठवलं होतं. या वेळी पोटातल्या जिवासाठी ती निघाली. सासरकडून निरोप आला, "तुमची मुलगी पळून गेली." इकडे बहिणीने गल्लीत सांगितलं, "पहिलं बाळंतपण, म्हणून आणलीय." पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत अशा वेळी केवढी आडोशाला येते! पण आडोसा तो किती दिवसांचा? चौथ्या दिवशी दळण घेऊन आलेल्या बाईने विचारलंच, "जावईबापू सोडायला नाही आले?"

मी बडोद्याहून गेले आणि आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत मी आपली भाषा नीट कान देऊन ऐकली. घर सोडून आलेल्या बाईसाठी आपल्याकडे काय काय शब्द आहेत! टाकलेली, सोडलेली, परित्यक्ता. 'नांदत नाही' म्हटलं तर दोष तिचा, 'नांदवत नाहीत' म्हटलं तरी बिचारी तीच. ती स्वतःच्या पायांनी निघाली असं सांगायला एकच शब्द, 'पळून आली', आणि त्याला चोराचा वास.

पुरुषांच्या बाबतीत मात्र हीच भाषा किती समजूतदार होते! शिवाजी महाराज १६६६ साली आग्र्याहून निसटले. त्या धड्याचं नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय, 'आग्र्याहून सुटका'. कुणाच्या मनात तरी दुसरा शब्द येईल का? आणि येऊही नये. रुक्मिणीचं बघा. आपल्या विदर्भाची लेक, नको असलेल्या नवऱ्याशी लग्न ठरलं तेव्हा तिने आपल्या हाताने पत्र लिहून कृष्णाला बोलावून घेतलं. निघाली ती, बेत तिचा, आणि आपण त्याला म्हणतो 'रुक्मिणीहरण', जशी काही कुणी पेटी उचलून नेली. सुटका हा शब्द बाईच्या वाट्याला येतो तो दोनदाच. बाळंत झाली की 'सुखरूप सुटली' आणि गेली की 'सुटली बिचारी'.

एका दुपारी पाय सोडून बसली असताना भाची म्हणाली, "मावशी, तू वाचत असतेस. मला बाळासाठी नाव शोधून दे. मुलगी असो, मुलगा असो, त्यात 'मी तिथून निघाले' असं असायला हवं. पण कुणाला कळता कामा नये."

मी म्हटलं, "मुलगा झाला तर रणछोडदास!" मग तिला सगळी गोष्ट सांगितली. आल्यापासून ती पहिल्यांदा हसली.

बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलं, आणि तिथे मराठी पुस्तकं अजून भरपूर आहेत. परत आल्यावर मी दुपारची कामं आटोपून तिथे जाऊन बसायला लागले. आमच्या घरातले म्हणाले, नाव शोधायला मोबाइल आहे की! आहे, पण मोबाइलवर अर्थ मिळतो, आणि मला गोष्ट हवी होती.

पहिली सापडली ती हाजरा. आपल्या गावांत हाजराबी नावाच्या कितीतरी बायका असतात, पण अर्थ मी कधी विचारला नव्हता. बायबलात ती हागार, आणि तिच्या नावाचा अर्थ बरेच जण 'पळून जाणं' असाच लावतात. अरबीतल्या 'हिजरत' या शब्दाशी, म्हणजे घरदार सोडून जाण्याशी, त्याचं नातं जोडतात. पैगंबरांनी ६२२ साली मक्का सोडून मदिना गाठली, तीही हिजरतच. मुसलमानांचा हिजरी सन तिथपासून मोजतात. एका निघून जाण्यापासून सगळ्या कालगणनेची सुरुवात! मला हे फार आवडलं.

बायबलातली हागार ही दासी. पोटुशी असताना मालकीण छळते म्हणून ती रानात निघून जाते. झऱ्याकाठी तिला देवदूत भेटतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस. ती सरळ सांगते की मालकिणीपासून पळून चाललेय. देवदूत म्हणतो, परत जा आणि तिच्या धाकात राहा. तुझी संतती खूप वाढेल असा आशीर्वादही देतो, पण परत जायचंच. हा सल्ला वाचून मी पुस्तक मिटलं. असला देवदूत आपल्या प्रत्येक नात्यात एकेक असतो. चहा पिऊन जातो आणि जाता जाता 'जरा सोसून बघ' म्हणतो. भाचीला पहिल्या वेळी भेटला तो हाच.

पण हागारेची एक गोष्ट मला विसरता येत नाही. तिने त्या देवालाच नाव ठेवलं, 'मला पाहणारा'. दासीने देवाचं बारसं केलं म्हणा ना!

मुसलमानांच्या परंपरेत हाजरा तान्ह्या इस्माईलला घेऊन मक्केच्या ओसाड खोऱ्यात एकटी राहते. पाणी संपतं. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांच्या मधे ती सात खेपा धावते, आणि मग लेकराजवळ जमजमचं पाणी फुटतं. आजही हजला गेलेली माणसं तिच्यासारख्या सात खेपा घालतात. मधे हिरव्या दिव्यांची खूण असते, तेवढ्या टप्प्यात पुरुष धावतात, बायकांनी मात्र चालायचं. धावली होती बाई, आणि धावायचं पुरुषांनी! असो.

आणखी नावं सापडली. अरबीत मुलींचं नाव आहे नजात, म्हणजे सुटका. हिंदीतला 'निजात' तो हाच. मोरोक्कोत जन्मलेल्या नजात वालो-बेलकासेम २०१४ साली फ्रान्सच्या शिक्षणमंत्री झाल्या, त्या पदावरच्या पहिल्याच बाई. दावीद राजाच्या एका मुलाचं नाव एलिफेलेट, त्यातही निसटण्याचा, वाचण्याचा धातू आहे. पण जळगावात एलिफेलेट! मी ते वहीत लिहिलं आणि तिथेच ठेवलं.

एका बाईने तर नाव स्वतःच घेतलं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात इझाबेला नावाची एक गुलाम बाई होती. १८२६ साली तान्ही मुलगी कडेवर घेऊन ती मालकाच्या घरून पहाटे निघाली. पुढे तिला कुणी पळालीस म्हटलं तर तिचं म्हणणं ठरलेलं असे, मी पळाले नाही, चालत निघाले. १८४३ साली तिने मालकांनी ठेवलेलं नाव टाकलं आणि 'सोजर्नर ट्रूथ' हे नाव घेतलं. सोजर्नर म्हणजे थोडे दिवस मुक्काम करणारी वाटसरू. हे मी भाचीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी पण चालतच गेले गं स्टँडपर्यंत."

तिचंही एक नाव तिकडे राहिलं आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहिलेलं नवीन नाव. कागदोपत्री ते कधी गेलंच नव्हतं, फक्त त्या घरात हाक मारायला होतं. माहेरी आल्यापासून त्या नावाने तिला कुणी हाक मारली नाही, आणि तिनेही आठवण काढली नाही.

मुलगी झाली. रात्री उशिरा बहिणीचा फोन आला, "सुखरूप सुटली." मी बॅग भरली. अळीव, डिंक, खारीक आणि नावांची वही.

पाचवी झाली, सटवाईपुढे कोरा कागद-पेन ठेवून झालं, आणि मग घरातल्या बायकांची बैठक बसली. माझ्या वहीत शेवटी उरली होती ती आपलीच नावं. पहिलं मुक्ता. याचे अर्थ दोन, मोती आणि मोकळी झालेली. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण ती मुक्ताबाई. आणि सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता, जिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला, तीही मुक्ताच. दुसरं तारा. आपण आकाशातली चांदणी समजतो, पण बौद्धांची तारा म्हणजे पैलतीराला नेणारी, तारून नेणारी.

भाचीला मुक्ता आवडलं होतं. पण कोपऱ्यात गोधडी शिवत बसलेली माझी आई म्हणाली, "मुक्ता नको. लोक आधीच नावं ठेवताहेत, तुम्ही आणखी नाव ठेवून जाहिरात कशाला करता?"

आईचं वय चौऱ्याऐंशी. तिच्यापुढे कुणी बोलत नाही. ठेवायचं एक नाव, आणि लोक ठेवतात ती नावं. आपल्या भाषेने दोन्हीला एकच क्रियापद दिलंय. भाची मान खाली घालून बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

थोड्या वेळाने आईच म्हणाली, "रेवा ठेवा. माझी परिक्रमा झालीय, नर्मदामाईचं नाव घरात राहील."

आईने दहा-बारा वर्षांपूर्वी बसने नर्मदा परिक्रमा केली होती. भाचीने झटकन माझ्याकडे पाहिलं. मी तिला नर्मदेची गोष्ट आधीच सांगितली होती. रेवा म्हणजे उड्या मारत जाणारी. आणि अमरकंटकला लोक सांगतात ती गोष्ट अशी. नर्मदेचं लग्न शोणाशी ठरलं होतं. लग्नाआधी नवरा बघून यावा म्हणून तिने मैत्रिणीला, जोहिलेला, आपले दागिने घालून पुढे पाठवलं. शोण तिच्यातच रमला. नर्मदेने ते पाहिलं आणि भर लग्नातून पाठ फिरवली ती थेट पश्चिमेकडे. शोण नदी वळून ईशान्येला गंगेकडे जाते, जोहिला तिला मिळते, आणि नर्मदा एकटी १,३१२ किलोमीटर धावत भडोचजवळ खंबातच्या आखाताला मिळते. महाराष्ट्राला ती नंदुरबारच्या उत्तरेला तेवढी चाटून जाते. लग्न मोडून पळाली, पण तिला कुणी नावं ठेवली नाहीत. लोक तीन-तीन वर्षं पायी तिच्याभोवती फिरतात.

"रेवा छान आहे," भाची म्हणाली. इतक्या लवकर कबूल झाली की बहिणीला आश्चर्य वाटलं.

रात्री मी आईचे पाय चेपत होते. म्हटलं, "आई, मुक्ता नको आणि रेवा चालेल होय?"

आई म्हणाली, "मला काय गोष्ट ठाऊक नाही, असं वाटलं का तुला? अमरकंटकला दोन दिवस काढलेत मी." आणि कुशीवर वळली.

राहिला प्रश्न आत्याचा. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा. आमच्याकडे आत्या येणार कुठून? शेजारच्या काकू म्हणाल्या, कुणीही केलं तरी चालतं, मावशी-आजीने करावं. माझी तयारी होती. घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला फुलं बांधली, जवळच्या चारपाच जणींनाच बोलावलं होतं.

सकाळी दहाच्या सुमाराला भाचीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. बाळाची आत्या. तीही सासुरवाशीण, दुसऱ्या गावी दिलेली. माहेरी कळलं तर तिचं माहेर तुटेल, म्हणून शेजारणीच्या फोनवरून बोलत होती. मागे कुकरची शिटी ऐकू येत होती. तिने एवढंच विचारलं, "वहिनी, नाव काय ठेवताय?" भाचीने सांगितलं. मग तिने फोन पाळण्यात बाळाच्या कानाशी नेऊन धरला. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हांला ऐकू आलं नाही. बाळाने तेवढे डोळे उघडले, आणि बहीण म्हणाली, आता घुगऱ्या वाढायला घ्या, निवताहेत.